बोंड, पोंचेक आणि नाकातला स्वर

पोलंडमधील एका तळलेल्या गोड पदार्थाचे नाव रोमन लिपीत पी, ए, सी, झेड, के आणि आय या सहा अक्षरांनी लिहिले जाते आणि इंग्रजीच्या सवयीने वाचणाऱ्या बहुतेकांची जीभ या सहा अक्षरांवर अडखळते. कोणी त्याचे ‘पॅक्झकी’ करतो, कोणी ‘पाझ्की’. अमेरिकेत डेट्रॉइट शहराने वेढलेल्या हॅमट्रॅमक या जुन्या पोलिश वस्तीच्या गावात, जिथे हा पदार्थ वर्षातून एकदा दुकानांपुढे रांगा लावून घेतला जातो, तिथेही तो ‘पूंच्की’ किंवा ‘पंच्की’ असाच मागितला जातो. मूळ पोलिश उच्चार देवनागरीत ‘पोंच्की’ असा बऱ्याच अंशी नेमका उतरतो. हे अनेकवचन असून एका नगाला ‘पोंचेक’ म्हणतात. मध्य प्रदेशाच्या दक्षिण कडेला, नागपूरच्या उत्तरेस असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत घरी मराठी बोलणाऱ्या माणसाला या नावातील सर्वांत अवघड मानला गेलेला भाग मुद्दाम शिकावा लागत नाही, कारण तो त्याच्या स्वयंपाकघरातील ‘बोंड’ या शब्दात आधीपासून आहे. बोंड हाही तळलेला गोड पदार्थच, आणि या दोन शब्दांचे मूळ अर्थसुद्धा एकमेकांच्या शेजारी राहणारे आहेत.

विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या तालुक्यांत कोहळे म्हणजे लाल भोपळा. तो शिजवून किंवा किसून त्यात गूळ विरघळवायचा, मावेल तेवढी कणीक घालायची, वेलची टाकायची आणि त्या सैलसर गोळ्याचे हाताने तेलात सोडलेले गोल म्हणजे कोहळ्याची बोंडे. पश्चिम महाराष्ट्रात याच तीन जिनसांचे पीठ घट्ट मळून थापतात, त्याचे घारगे होतात. विदर्भाने थापण्याचा खटाटोप टाळला. ‘बोंड’ हा शब्द मात्र मुळात स्वयंपाकघरातला नसून शेतातला आहे. कपाशीचे फूल गळल्यावर जे गोल फळ धरते आणि पुढे उकलून कापूस बाहेर येतो, ते बोंड. काळ्या जमिनीत कपाशी पिकवणाऱ्या मुलखाने तळणीतून फुगून वर आलेल्या गोळ्याला तेच नाव दिले, यात आश्चर्य नाही. पोलिश भाषेनेही हेच केले आहे. त्या भाषेत ‘पोंक’ म्हणजे झाडाची कळी, आणि ‘पोंचेक’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे लहानशी कळी. आजही हा शब्द फुलाच्या कळीलाही वापरतात आणि तळलेल्या गोळ्यालाही. झाऱ्यातून तेलात पडणाऱ्या बुंदीला मराठीत कळी म्हणतात आणि तिच्या लाडवांना कळीचे लाडू. तेव्हा कढईत काही उमलते, ही कल्पना मराठी स्वयंपाकघराला परकी नाही.

पोंचेक दिसतो कसा, हे सांगणे सोपे आहे: तळहातावर मावेल असा, मध्ये भोक नसलेला, किंचित दबलेला तपकिरी गोळा, आत मुरंबा, वर साखरेचा पातळ थर. तो होतो कसा, हे अधिक रोचक आहे. मैदा, दूध, लोणी आणि अंड्यांचे भरपूर पिवळे बलक यांचे पीठ खमीर घालून, म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टने, दोनदा फुगवले जाते आणि त्यात चमचा-दोन चमचे मद्य घालतात. मद्य चवीसाठी नसते. पिठातील मद्य तापलेल्या चरबीत पाण्याच्या आधी उडून जाते, वाफ बाहेरच्या दिशेने जोर करते आणि त्यामुळे पदार्थ तेल कमी पितो, असा पोलिश हलवायांचा अनुभव आहे. मराठी सुगरण शंकरपाळ्याच्या पिठात कडकडीत मोहन घालते तेव्हा तिचा हेतू निराळा असतो. तुपाचा लेप कणांवर बसून पीठ चिवट होऊ नये आणि पदार्थ खुसखुशीत व्हावा, यासाठी ती मोहन घालते. पोंचेकला खुसखुशीतपणा नको असतो, मऊपणा हवा असतो. पूर्वी तो डुकराच्या चरबीतच तळत, आता अनेक ठिकाणी तेल वापरतात. जमलेल्या पोंचेकची खूण म्हणजे त्याच्या मध्यभागी फिरलेला फिकट पट्टा: नीट फुगलेले पीठ हलके असल्यामुळे अर्धे वर तरंगते, एक बाजू झाल्यावर उलटले तरी कमरेचा भाग तापल्या चरबीत पुरता बुडत नाही आणि तो पांढुरका राहतो. अनारशाला जाळी पडली की नाही, हे जसे मराठी घरात पाहिले जाते, तसा तिकडे हा पट्टा पाहिला जातो.

आतल्या सारणाचे दोन जुने प्रकार आहेत. एक, अलुबुखाऱ्याच्या जातीच्या फळांचा तासन्‌तास आटवून केलेला काळसर गर; दुसरा, गुलाबाच्या पाकळ्या साखरेत घोटून केलेला मुरंबा, ज्याला मराठी वाचक चाखताक्षणी गुलकंद म्हणेल. हा पदार्थ नेहमीच असा नाजूक नव्हता. अठराव्या शतकातील पाद्री व इतिहासकार येंद्झेय कितोविच यांनी राजा तिसरा ऑगस्ट याच्या कारकिर्दीतील, म्हणजे १७३३ ते १७६३ या काळातील, चालीरीतींचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. जुन्या काळचा पोंचेक कोणाला फेकून मारला तर डोळा काळानिळा व्हावा इतका टणक असे, आणि आताचा मात्र दाबला तर पुन्हा फुगून येतो व वाऱ्याने ताटातून उडून जाईल इतका हलका असतो, अशा आशयाची त्यांची नोंद आहे. या बदलाचे श्रेय सहसा त्या काळी पोलिश दरबारात आणि सरदारांच्या वाड्यांत आलेल्या फ्रेंच आचाऱ्यांना दिले जाते. वॉर्सा शहरातील ब्लिक्ले घराण्याचे मिठाईचे दुकान १८६९ मध्ये सुरू झाले आणि गुलाबाच्या सारणाच्या पोंचेकसाठी ते आजही ओळखले जाते.

आता त्या अवघड अक्षराकडे वळता येईल. पोलिश लेखनात या शब्दातील ‘ए’ हे अक्षर साधे नसते. त्याच्या पायाशी उजवीकडे एक लहानसा आकडा काढलेला असतो, ज्याला पोलिशमध्ये ‘ओगोनेक’ म्हणजे शेपटी म्हणतात. मराठीत अनुस्वार डोक्यावर बसतो, पोलिशमध्ये तो पायाला लटकतो, एवढाच देखाव्याचा फरक. ही शेपटी दिली नाही, तर शब्द चुकीचा होत नाही, दुसराच होतो: शेपटीविना तीच सहा अक्षरे ‘पाच्की’ अशी वाचली जातात आणि त्यांचा अर्थ होतो पार्सले. टपालातून येणारी पार्सले. इंग्रजी छपाईत ही शेपटी बहुधा गळते, त्यामुळे परदेशी दुकानांच्या पाट्यांवर पोलिश माणसाला गोड पदार्थांऐवजी पार्सलांची जाहिरात दिसते. मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये. ‘पंत’ आणि ‘पत’, ‘वंश’ आणि ‘वश’, ‘मंद’ आणि ‘मद’ या जोड्यांत एका ठिपक्याने काय होते, हे तो बालवाडीपासून जाणतो.

अक्षर ‘ए’चे, पण उच्चार ‘ओं’ असा का, याचे उत्तर भाषेच्या इतिहासात आहे. मध्ययुगीन पोलिशमध्ये हा स्वर नाकातून उच्चारलेल्या ‘आ’च्या जवळचा होता; पुढे त्याचे दीर्घ रूप ओठ गोल करत ‘ओ’कडे सरकले, आणि लेखन मात्र जिथल्या तिथे राहिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा स्वर प्रत्येक शब्दात एकसारखा उच्चारला जात नाही; पुढे कोणते व्यंजन आहे, यावर तो अवलंबून असतो. दाताला पोलिशमध्ये जो शब्द आहे, त्यात पुढे ओष्ठ्य व्यंजन आल्यामुळे ‘झोम्प’ असा ‘म्’ ऐकू येतो (संस्कृतातील ‘जम्भ’ हा दातासाठीचा शब्द याचाच दूरचा भाऊ आहे). कोपऱ्याच्या शब्दात पुढे ‘त’ आल्यामुळे ‘कोन्त’ असा ‘न्’. भुंग्याच्या शब्दात पुढे ‘क’ आल्यामुळे ‘बोङ्क’ असा कंठ्य अनुनासिक. पोंच्कीमध्ये पुढे ‘च’ असल्यामुळे ‘न्’च्या जवळचा. संस्कृत व्याकरणाने याच व्यवहाराला परसवर्ण म्हटले आहे, म्हणजे अनुस्वारापुढे ज्या वर्गाचे व्यंजन येईल त्याच वर्गाचा अनुनासिक उच्चारणे. ‘पंख’, ‘पंच’, ‘खंड’, ‘संत’ आणि ‘पंप’ या पाच शब्दांत एकच ठिपका पाच प्रकारे बोलतो, तो याच नियमाने. ‘बोंड’ आणि ‘तोंड’ म्हणताना जो ‘ओं’ निघतो, त्याच्या पुढचा ‘ड’ काढून तिथे ‘च’ ठेवला की पोंचेकचा पहिला अवयव तयार झाला.

परसवर्णाचा नियम जिथे लागू होत नाही, तिथे ही तुलना अधिकच जुळते. श, स, ह, व यांसारख्या वर्णांना स्वतःचा अनुनासिक नसतो. अशा वेळी हिंदी ‘सन्सार’ म्हणून मोकळी होते. मराठी मात्र ‘सौंसार’ म्हणते, म्हणजे स्वराच्या शेपटाला नाकातला एक ‘व’ जोडते. ‘संशय’चा ‘सौंशय’ आणि ‘सिंह’चा ‘सिंव्ह’ याच वळणाने होतात. पोलिशही ‘स’पुढे हेच करते: मिशीला जो शब्द आहे तो लिहायला ‘वोंस’ असला, तरी त्यात नाकातल्या ‘व’चा स्पष्ट भास असतो, आणि घासाला, म्हणजे तोंडात घेतलेल्या तुकड्याला, ते ‘केंव्स’ म्हणतात. सौंसर या गावाच्या नावात नेमका हाच नाद आहे, आणि तो लेखनातही उतरलेला आहे. या निरीक्षणातून त्या नावाची व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. पण जे गाव आपले नावच या स्वराने उच्चारते, त्याला पोलिश मिशी जड जाऊ नये, एवढे म्हणता येते. रोमन लिपीने मात्र या गावाशीही तेच केले जे पोंच्कीशी केले: ‘एस ए यू एस ए आर’ या लेखनात अनुस्वार गळाला. मध्य भारतातील मँगनीजच्या खाणींमुळे भूशास्त्रात प्रसिद्ध झालेल्या प्राचीन खडकांच्या गटाला याच तहसिलीचे नाव दिलेले आहे, आणि जगभरचे भूशास्त्रज्ञ ते ठिपक्याविना वाचतात. पांढुर्ण्याची अवस्था थोडी बरी. त्या नावातला अनुस्वार रोमनमध्ये ‘एन’ होऊन टिकतो, पण ‘ढ’ आणि ‘ण’ यांचा पत्ता लागत नाही, आणि बाहेरचा माणूस रेल्वेच्या वेळापत्रकात त्याचे ‘पंधुरना’ करतो.

या दोन तालुक्यांची भाषिक स्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग मानले जात: सातपुड्याच्या घाटावरचा बालाघाट आणि घाटाखालचा, नागपूरच्या मैदानाला मिळणारा जेरघाट, ‘जेर’ म्हणजे फारसीत खाली. सौंसर तहसील, जिच्यात त्या काळी पांढुर्णाही होते, या घाटाखालच्या भागात येते, आणि तिची बोली नागपुरी मराठी. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात या बोलीची नोंद आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा, घाटाखालच्या मराठी गावांसह, मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. कचेरीत आणि शाळेत हिंदी, चुलीपाशी आणि शेतात मराठी, अशी ही दुहेरी जीभ आहे. पोंच्कीच्या बाबतीत हा दुहेरीपणा अनपेक्षितपणे उपयोगी पडतो.

कारण मराठीला नाकातला स्वर सोपा असला, तरी पुढचा ‘च’ तिला फसवतो. मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत: ‘चहा’मधला तालव्य, आणि ‘चाक’, ‘चूल’ यांतला दंतमूलीय, ज्यात जीभ दातांच्या मुळाशी लागून ‘त्स’सारखा आवाज निघतो, लिपी मात्र दोघांना एकच अक्षर देते. देवनागरीत ‘पोंचकी’ असे लिहिले की मराठी वाचक ते ‘उचकी’, ‘टिचकी’ यांच्या चालीवर दंतमूलीय ‘च’ने वाचणार, आणि तिथेच चूक होणार. पोलिशमध्ये हे दोन आवाज वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात: एकटे ‘सी’ म्हणजे चाकातला ‘च’, आणि ‘सी’पुढे ‘झेड’ म्हणजे चहातल्या ‘च’च्या जवळचा, जीभ थोडी मागे ओढून केलेला जाड ‘च’. हिंदीत दंतमूलीय ‘च’ नाहीच, म्हणून शाळेतली हिंदी इथे चूक होऊ देत नाही. नाकासाठी घरची मराठी आणि ‘च’साठी शाळेची हिंदी, अशी वाटणी पांढुर्ण्याच्या तोंडात आपोआप होते, जी पुण्याच्या किंवा भोपाळच्या तोंडात होणार नाही.

शेवटच्या ‘की’चाही एक बारकावा आहे. पोलिशमध्ये तो ऱ्हस्व असतो आणि शब्दाचा आघात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अवयवावर पडतो; मराठी शुद्धलेखनात मात्र शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ लिहायचा असल्याने ‘पोंच्कि’ असे लिहिणे मराठी डोळ्याला खपत नाही. हा तोटा सोसण्याजोगा आहे. व्याकरणाचा प्रश्न त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. ‘पोंच्की’ हे मुळात पुल्लिंगी अनेकवचन; पण मराठी कान ‘की’ने संपणारा खाण्याचा पदार्थ ऐकताच त्याला ‘करंजी’, ‘चकली’ यांच्या पंगतीत बसवणार, स्त्रीलिंगी एकवचन मानणार आणि ‘दोन पोंच्क्या’ मागणार. इंग्रजीनेही शेवटी ‘एस’ लावून अनेकवचनाचे अनेकवचन केलेच आहे. ‘भजे’ या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन ‘भजी’. तरी शहरांत ‘एक भजी’ सर्रास ऐकू येते, तेव्हा ही चूक मराठीत नवी ठरणार नाही. त्यात पोलिश संख्यांची स्वतःची रीत आहे: दोन, तीन आणि चार यांच्यापुढे ‘पोंच्की’, पण पाचापासून पुढे षष्ठीचे रूप येते आणि ‘पाच पोंच्कुफ’ म्हणावे लागते. पोलिश ‘पाच’चा उच्चार ‘प्येञ्च’ असा आहे आणि संस्कृत ‘पञ्च’शी त्याचे नाते उघड आहे. मराठीने मात्र आपल्या ‘पांच’वरचा ठिपका सोडून दिला. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम आले, तेव्हा ज्या अनुस्वारांचा उच्चार उरला नव्हता ते काढून टाकण्यात आले आणि ‘नांव’चे ‘नाव’, ‘कांहीं’चे ‘काही’ झाले. पोलिश बोलण्यातही शब्दाच्या शेवटी आलेला अनुनासिक ‘ए’ बहुधा कोरडाच उच्चारला जातो, फक्त शेपटी लिहायची कोणी सोडलेली नाही.

पोंच्की खाण्याचा मुख्य दिवस म्हणजे पोलिशमध्ये ज्याला ‘त्वुस्ती च्फार्तेक’, म्हणजे तुपकट गुरुवार, म्हणतात तो. ईस्टरपूर्वी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि त्याच्या आधीचा गुरुवार हा घरातील चरबी, अंडी, साखर आणि मुरंबे संपवण्याचा. ईस्टरच्या बावन्न दिवस आधी येणारा हा गुरुवार चंद्राप्रमाणे पुढेमागे सरकतो. २०२५ मध्ये तो २७ फेब्रुवारीला होता, २०२६ मध्ये १२ फेब्रुवारीला. त्या दिवशी एकही पोंचेक न खाणाऱ्याचे वर्ष वाईट जाते, अशी समजूत आहे. अमेरिकेतील पोलिश वस्त्यांत हाच सण पुढच्या मंगळवारी करतात. व्रतांच्या महिन्यापूर्वी कढई चढवण्याची रीत मराठी घरांतही आहे: आषाढात ‘आखाड तळतात’, म्हणजे गुलगुले, कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या होतात, आणि मग श्रावणाचे सोवळे लागते. श्रावण संपता संपता पोळा येतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे परस्परांवरची दगडफेक, होते, जिची बातमी देशभर जाते. त्याच आठवड्यात त्या घरांत काय तळले जाते, याची बातमी होत नाही.

‘त्वुस्ती’मध्ये ‘त’नंतर जो ‘व’ ऐकू येतो, तो पोलिशमध्ये आडवी रेघ मारलेल्या ‘एल’ने लिहितात. हा पूर्वी जिभेचा मागचा भाग उचलून केलेला जाड ‘ल’ होता. जुन्या पिढीचे नट रंगभूमीवर तो तसाच उच्चारत. बोलीत मात्र त्याचा ‘व’ झाला आणि अखेर तोच प्रमाण ठरला. नागपुरी आणि वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चे असेच काहीसे झाले आहे: ‘पोळा’चा ‘पोया’, ‘गूळ’चा ‘गूय’, ‘काळा’चा ‘काया’, ‘तळले’चे ‘तयलं’. जाड ‘ल’ सैल पडला की तो अर्धस्वर होतो. एका भाषेत ओठांकडे गेला, दुसरीत टाळूकडे. पोलंडमध्ये या बदलाला प्रतिष्ठा मिळाली, सौंसरच्या शाळेत मात्र त्याला अशुद्ध म्हणतात आणि हिंदीच्या दबावाने ‘पोला’ असा तिसराच उच्चार फळ्यावर येतो.

मराठी मुलखाने पोलिश भाषा प्रत्यक्ष ऐकली ती दुसऱ्या महायुद्धात. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये सायबेरियाकडे हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी काही इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार लोक, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउट पथके होती. त्यांनी गावाचे नाव रोमन लिपीत लिहिले, आणि त्यात ‘ळ’चा ‘ल’ झाला. वॉर्सामध्ये या आठवणीचे स्मारक आहे, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे भेट दिली. त्याच काळात वॉर्साचे अभियंते मॉरिस फ्रीडमन गांधीजींच्या वर्तुळात वावरत होते. औंध संस्थानाच्या १९३९ च्या राज्यघटनेच्या मसुद्यात त्यांचा हात होता आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्यांनी इंग्रजीत आणली, त्या संभाषणांचे पुस्तक १९७३ मध्ये निघाले. मराठी अनुस्वार ज्याच्या कानाला परका वाटला नसेल, असा हा माणूस; त्यांच्या आडनावाचे मात्र मराठीत ‘फ्रीडमन’ आणि ‘फ्रायडमन’ असे दोन्ही पाठ छापले जातात.

पोंचेकवरच्या साखरेच्या थरावर वॉर्साचे हलवाई शेवटी एक गोष्ट पेरतात: साखरेच्या पाकात मुरवलेल्या संत्र्याच्या सालीचे बारीक तुकडे. पोलंडच्या थंडीत संत्रे पिकत नाही, ते दक्षिणेकडच्या देशांतून येते, आणि म्हणून सालसुद्धा वाया घालवत नाहीत. पांढुर्णा आणि सौंसर हा नागपुरी संत्र्याचा पट्टा आहे, आणि मृग बहाराचे, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या झाडांचे, संत्रे फेब्रुवारी-मार्चमध्ये, तुपकट गुरुवारच्या आसपासच, बाजारात येते. नागपूरची संत्रा बर्फी गराची होते. साल मात्र सहज सुटते म्हणून नागपुरी संत्र्याची ख्याती, आणि ती सोलून झाली की उकिरड्यावर जाते.